डाग काढायचे का?

फोटो काढून झाला की मी गिऱ्हाइकाला स्क्रीनसमोर बोलावतो आणि विचारतो, डाग काढायचे का? टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस, झेरॉक्सची दुकानं. गिऱ्हाईक बहुतेक विशीतलं, स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो हवा असलेलं, ‘काका, इतक्या केबीत बसवून द्या’ म्हणणारं. पासपोर्टच्या फोटोत काही करता येत नाही, चेहरा आहे तसाच द्यावा लागतो. पण स्थळांसाठीचा फोटो, कॉलेजच्या समारंभाचा, घरात लावायचा, इथे ज्याची त्याची मर्जी चालते. ती मर्जी इतकी वर्षं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. चेहऱ्यावर मुरुम किती आहेत हे बघून त्या माणसाला त्यांचं किती वाटतंय, हे ओळखता येत नाही.

हनुवटीवर दोन बारीक पुटकुळ्या असलेली मुलगी स्क्रीन मोठी करायला सांगते, आणखी मोठी करायला सांगते, आणि मला न दिसलेली तिसरी जागा बोटानं दाखवते. तिच्यामागे उभा असलेला मुलगा, दोन्ही गाल गाठींनी भरलेले, काही ठिकाणी पू धरलेला, म्हणतो, ‘राहू द्या काका, चालतंय.’ हे उलटंही होतं. म्हणून मी अंदाज बांधत नाही, सगळ्यांना सारखंच विचारतो.

वडिलांच्या वेळी हे काम पेन्सिलीनं व्हायचं. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह उजेडावर धरायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि टोकदार शिशानं एकेक ठिपका भरायचा. लालसर मुरुम फोटोत काळा उमटतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा पारदर्शक असते. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये डाग गेला. वडील हे काम रात्री करायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे नाहीत. सगळ्यांचेच डाग सरसकट जायचे. आता संगणकावर ते क्षणात होतं, आणि गिऱ्हाईक शेजारी उभं असतं, म्हणून बोलणं होतं. या बोलण्यातून मला जे कळलं ते वडिलांना बहुधा कधी कळलं नसावं.

पुण्यात आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाला गमतीची वाटते. दुचाकीवरच्या मुलींचे स्कार्फ. कपाळापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे. ऊन, धूळ, धूर, कारणं खरी आहेत. पण स्टुडिओत आल्यावर कोण स्कार्फ दारातच सोडतं आणि कोण आतलं दार लागल्यावर, पार कॅमेऱ्यासमोर बसल्यावर, हे मी बघत आलोय. काहीजणींसाठी तो स्कार्फ उन्हासाठी नसतो. आणि घामेजल्या गालावर दिवसभर घासणारं कापड, किंवा हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा, मुरमांना वाढवतोच. करोनात मास्कखाली तेच झालं.

हे सगळं माझ्या डोक्यात विस्कळीतच राहिलं असतं, भाची आमच्याकडे राहायला आली नसती तर. राज्यसेवेचा अभ्यास करायला साताऱ्याहून आली. पहिले काही महिने ठीक होतं. मग ती जेवायला उशिरा यायला लागली, आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावून बसायला लागली. बायकोनं तिच्या परीनं सुरुवात केली. दुधात जायफळ उगाळून लाव, रात्री त्रिफळा घे, पोट साफ नसेल तुझं, उष्णता झालीय. साताऱ्याहून बहिणीचा फोन: ‘वयात असं होतंच गं, लग्न झालं की जातं.’ भाची सव्वीस वर्षांची. लग्न होऊन दोन मुलं झालेल्या, चाळिशीतल्या बायकाही माझ्या स्टुडिओत हनुवटीवरचे मुरुम काढून मागतात, त्यामुळे हा उपाय रामबाण नाही एवढं मी सांगू शकतो.

एक दिवस ती म्हणाली, ‘मामा, स्किनच्या डॉक्टरांकडे येशील? मामीला नको सांगू.’ का नको, तर मामी दवाखान्यात डॉक्टरांसमोर म्हणेल, ‘इतकं काही नाहीये हो हिला.’ मी गप्प बसतो, म्हणून माझी निवड झाली.

डॉक्टर बाई मेडिकल कॉलेजात शिकवतात. म्हणून असेल, त्यांनी कागद काढला. बहुतेक ठिकाणी एक नजर टाकून काम भागवतात, आणि तेही काही चूक नाही, अनुभवी नजर पुरते. इथे मात्र कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी आणि छाती-पाठ असे सहा भाग करून, प्रत्येक ठिकाणी सगळ्यात वाईट काय आहे, काळं-पांढरं टोक, लाल पुटकुळी, पू की गाठ, त्याचे एक ते चार गुण लावले. मग प्रत्येक भागाच्या वजनानं गुणायचं. पाठ-छातीला तीन, नाकाला एक, कारण तिथली जागा आणि तेलग्रंथी वेगवेगळ्या. १९९७ साली निघालेली ही पद्धत. जास्तीत जास्त ४४ गुण होतात. भाचीचे झाले १६. अठरापर्यंत सौम्य.

मी मनात म्हटलं, बघ, मामी बरोबर होती.

मग दुसरा कागद आला. दहा प्रश्न. वेल्समधल्या कार्डिफच्या फिनले आणि खान या दोन डॉक्टरांनी १९९४ साली तयार केलेले, कुठल्याही त्वचारोगाला चालणारे. सगळे गेल्या आठवड्याबद्दल. त्वचेमुळे किती संकोच वाटला, कपडे निवडताना काही फरक पडला का, बाहेर जाणं, मित्रमैत्रिणी, अभ्यास, खेळ यांत काही अडलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन. डॉक्टर बाई एकेक विचारत होत्या आणि ही सांगत होती. मेसमध्ये गर्दी असते म्हणून ती अडीचनंतर जाते, तेव्हा भाजी संपलेली असते. अभ्यासिकेत खिडकीजवळची जागा पैसे भरून घेतलेली, ती सोडून कोपऱ्यातल्या बंद ट्यूबखाली बसते. क्लासनं मुलाखतीचा सराव ठेवला होता, त्याचं रेकॉर्डिंग होणार होतं, ती गेली नाही. हे सगळं आमच्याच घरात राहून चाललं होतं. तीसपैकी एकोणीस. दहाच्या वर गेलं की आयुष्यावर फार मोठा परिणाम, असं त्या मोजणीत धरतात.

सोळा आणि एकोणीस, दोन वेगळ्या मापांचे आकडे, त्यांची तुलना करायची नसते हे कळतं. तरी ते दोन कागद शेजारी ठेवलेले बघून माझा स्टुडिओच आठवला. डॉक्टर म्हणाल्या, ‘हे दोन जुळत नाहीत याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, मला नाही वाटत. कित्येकदा जुळत नाहीत.’

मी गप्प बसायचं ठरवून गेलो होतो, पण राहवलं नाही. म्हटलं, ‘मग जो जास्त रडून दाखवेल त्याला जास्त जोराचं औषध?’

‘असं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘नुसते सोळा बघितले असते तर मी रात्रीचं मलम दिलं असतं आणि तीन महिन्यांनी बोलावलं असतं. मलमाला आठ ते बारा आठवडे लागतात, सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, थोडं वाढल्यासारखंही वाटतं. धीर असलेला माणूस ते काढतो. हिच्याकडे तेवढा धीर उरलेला नाही. ती तीन आठवड्यांत मलम फेकून देईल आणि परत कुणाची तरी ट्यूब लावेल.’

परत? त्यांनी भाचीकडे बघितलं. तिनं पर्समधून एक ट्यूब काढली. मैत्रिणीनं मेडिकलमधून आणून दिलेली, गोरं करणारी, मुरुम घालवणारी, सगळं करणारी. आत स्टेरॉइड. लावलं की दोन दिवसांत लाली उतरते, चेहरा तुकतुकीत दिसतो, म्हणून माणूस लावत राहतो. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, स्टेरॉइडचेच नवे मुरुम उठतात, आणि बंद केलं की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारनं अशा बऱ्याच मलमांना चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतून बाहेर काढलं. यादी बदलली, काउंटर फारसं बदललं नाही. भाचीला कायद्याच्या अभ्यासात हे सगळं पाठ असेल, पण रात्री साडेअकराला आरशात बघताना पाठांतर कामाला येत नाही.

मग जे ठरलं ते असं. ट्यूब बंद, आणि बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल हे आधीच स्पष्ट सांगितलं. रात्री अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम, वाटाण्याएवढं, पुटकुळीवर टिपक्यानं न लावता पूर्ण चेहऱ्याला, आधी एक दिवसाआड. आणि नुसत्या सौम्य मुरमांना एरवी दिली नसती ती डॉक्सिसायक्लिनची गोळी, ठरावीक मुदतीसाठी. ही अँटिबायोटिक तीन-चार महिन्यांच्या पुढे ओढायची नाही, जंतू निर्ढावतात. बेंझॉइल पेरॉक्साइड सोबत असलं की तो धोका कमी होतो. पुन्हा बोलावलं चार आठवड्यांनी. त्वचेवरचा आकडा तोच ठेवून, दुसऱ्या आकड्यानं औषध बदललं, तारीख बदलली, आणि काय काय आधी सांगायचं तेही बदललं.

(घरात गुपित टिकलं नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. बायकोच्या दिवाळीत घेतलेल्या नॅपकिनवर नारिंगी चट्टे पडले आणि आमच्या दोघांचीही उलटतपासणी झाली.)

खाण्याबद्दल भाचीनं विचारलं. मिसळ बंद करू का? पुण्यात राहून हा प्रश्न गंभीर आहे. डॉक्टर म्हणाल्या, तेला-तिखटाला लोक उगाच बदनाम करतात. साखर आणि मैदा यांचा, काही प्रमाणात दुधाचा संबंध अभ्यासांत दिसतो, जिमवाल्या मुलांच्या व्हे प्रोटीनचाही. मिसळीसोबतच्या पावाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

या प्रकारात आणखी एक घड्याळ असतं, ते लग्नाचं. तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे स्थळांच्या फोटोंची गर्दी होते, आणि डॉक्टरांकडे आयांची. ‘फेब्रुवारीत लग्न आहे, तोवर चेहरा साफ करून द्या.’ ही घाई कुणाची, मुलीची की आईची की होणाऱ्या सासूची, हे वेगळं करणं डॉक्टरला भाग असतं. कारण जी गोळी मुरुम मुळापासून घालवते, आयसोट्रेटिनॉइन, तिच्यात गर्भाला गंभीर इजा करण्याची ताकद आहे. ती चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना तरी दिवस राहता कामा नयेत. लग्न दोन महिन्यांवर आलेल्या मुलीशी हे बोलायचं, तेही आईला बाहेर बसवून, हे काम सोपं नाही. मुलगी खरोखर खचलेली असेल तर गोळीसाठी कारण भक्कम असतं आणि तारीख नेमकी आडवी येते. अशा वेळी तारीख पुढे ढकलणारं घर मला अजून भेटलेलं नाही. मुरुमच पुढे ढकलले जातात, फोटो मी स्वच्छ करून देतो.

ही गोळी अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाली, गाठींच्या, कशालाच न बधणाऱ्या मुरमांसाठी. पुढे १९९८ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनानं तिच्यावर नैराश्याचा इशारा छापायला लावला. नंतरच्या वर्षांत मोठमोठे अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा सरसकट सगळ्या घेणाऱ्यांमध्ये नैराश्य किंवा आत्महत्येचा धोका वाढलेला दिसला नाही. गुंता हा, की वाईट मुरुम स्वतःच माणसाला खाली खेचतात. गोळी सुरू केली तेव्हा जो उदास होता तो गोळीनं उदास झाला की आधीच होता, हे आधी विचारलं नसेल तर नंतर कसं सांगणार? ब्रिटननं तर २०२३ मध्ये अठराच्या आतल्यांना ती सुरू करताना औषध लिहून देणाऱ्या दोघांची सहमती लागेल असं केलं. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं, की मुरमांमुळे मनावर मोठा भार असेल किंवा व्रण पडत असतील, तर पुटकुळ्या मोजून कितीही कमी भरोत, ते मुरुम तीव्रच धरायचे आणि या गोळीचा विचार करायचा. म्हणजे मन हे एकाच गोळीबाबत पुढे जायचं कारण आणि जपून जायचंही कारण. मला हे पटतं. पण यासाठी कुणीतरी विचारायला हवं, आणि विचारायला वेळ हवा. ससूनच्या ओपीडीतली रांग ज्यानं बघितली आहे त्याला दहा प्रश्न म्हणजे चैन वाटेल. खास मुरमांसाठी कार्डिफचीच पाच प्रश्नांची छोटी यादीही आहे. रांगेत बसल्या बसल्या भरून होते.

भाचीनंही ती गोळी मागितली, कारण अभ्यासिकेतल्या मैत्रिणीचा चेहरा त्या गोळीनं काचेसारखा झाला होता. तोवर काही महिने झाले होते. नवे मुरुम जवळपास थांबले होते, पहिला आकडा पार खाली. दुसरा मात्र जेमतेम हलला होता. मला वाटलं, आता तर देतीलच. डॉक्टरांनी नाही दिली. त्यांनी तिला विचारलं, आरशात तू नक्की काय बघतेस? ती डाग बघत होती. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरुम गेला तरी तपकिरी डाग कित्येक महिने राहतो, आणि ही रात्री टॉर्च लावून नखानं कोरत होती, त्यानं तो आणखी गडद. नव्या मुरमांवरची गोळी जुन्या डागांना काय करणार? सनस्क्रीन, अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, आणि नखांसाठी एका समुपदेशक बाईंचा नंबर. भाची दवाखान्यातून बाहेर पडली ती रागातच. ‘मला वेडी समजतात का?’ टिळक रोडपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला डॉक्टरांचं पटलं होतं, पण तेव्हा ते बोलायची वेळ नव्हती. पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच फोन केला. त्या बाईंकडे काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. टॉर्च बंद झालाय एवढं दिसतं. मेसलाही ती आता एक वाजता जाते, भाजी मिळते.

तो ‘चालतंय’ म्हणणारा मुलगा राहिला. भोरकडचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. गालांवर खड्डे पडायला लागले होते. डाग मी काढतो, पण खड्डे काढणं संगणकावरही कठीण, कारण खड्डा म्हणजे सावली, आणि सावली पुसली की चेहराच पिठासारखा सपाट होतो. समोरून सरळ लाइट मारला तर ते झाकतात, बाजूनं मारला की सगळे उठून दिसतात. एकदा मी मुद्दाम बाजूनं लाइट लावून त्याला त्याचाच गाल दाखवला. डॉक्टर बाईंचा पत्ता दिला. मुलाला मुरमांसाठी डॉक्टरकडे नेणारे आईबाप फार कमी. मुलगी असती तर घरानं एव्हाना चार उपाय केले असते.

मला वाटलं होतं, याचं प्रकरण सरळ असणार. त्वचा वाईट, मन मजेत, व्रण पडताहेत म्हणून गोळी, विषय संपला. त्यानं नंतर स्टुडिओत येऊन सांगितलं ते वेगळं होतं. त्या दहा प्रश्नांत कपड्यांचा प्रश्न आला तेव्हा तो अडकला. भरतीत छाती मोजतात, न फुगवता ७९ सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त. शर्ट काढून, सगळ्या पोरांच्या रांगेत. त्याची पाठ आणि छाती गालांपेक्षा वाईट होती. आदल्या वर्षी तो मैदानापर्यंत जाऊन परत आला होता आणि घरी ताप आला म्हणून सांगितलं होतं.

‘काका, मला कुणी विचारलंच नव्हतं ना,’ तो म्हणाला.

मी विचारलं होतं, फोटोबद्दल.

त्याला गोळी सुरू झाली. वजनावर हिशेब असतो, किलोला रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि पूर्ण कोर्समध्ये किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जायला हवं, म्हणजे डोसप्रमाणे चार ते दहा महिने लागतात. गाठी भडकू नयेत म्हणून सुरुवात कमी डोसनं. रक्तातली चरबी आणि यकृत तपासत राहायचं, आणि दर वेळी मन कसं आहे ते सांगायचं. या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, जास्त व्यायाम करणाऱ्यांचे जास्त, म्हणून त्यानं रोजच्या सोळाशे मीटरचं डॉक्टरांना सांगितलं. मैदानी चाचणीची तारीख जाहीर झाली की त्याच्या आसपास डोस कमी ठेवू, असं त्यांनी ठरवलंय. तक्रार त्याची एकच आहे. ओठ फुटतात, खिशात लिप बाम बाळगावा लागतो, आणि तालमीतली पोरं चिडवतात.

‘कुठला लावतोस?’ भाचीनं मागून विचारलं. ती स्टुडिओत माझ्या खुर्चीवर बसून पॉलिटीचं पुस्तक वाचत होती. ‘तो नको, त्यात वास घातलेला असतो, आणखी फुटतील. साधं व्हॅसलीन आण दहा रुपयांचं.’